पूजेला कोण बसलं होतं?

पगार मॅडम झडतीला गेल्या तरी दाराबाहेर बूट काढायच्या. पोलिसांचे ते जाडजूड तपकिरी बूट, लेस सोडायलाच वेळ लागायचा. आत घरमालकाची पाचावर धारण बसलेली, बाहेर शिपाई खोळंबलेले आणि फौजदारबाई उंबऱ्याशी ओणव्या होऊन गाठ सोडताहेत, हे दृश्य मी माझ्या कॅमेऱ्यातून कितीदा तरी पाहिलं. एका नव्या शिपायाने एकदा धीर करून विचारलंच, "मॅडम, चोराच्या घरात कसले बूट काढता?" मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "चोर तो आहे. घरानं काय केलंय?"

माझा फोटो स्टुडिओ नाशकात द्वारकेच्या चौकात, उड्डाणपुलाच्या अलीकडे. लग्नं, जावळं, वास्तुशांती, पासपोर्ट फोटो, जे येईल ते. नवा कायदा आल्यापासून प्रत्येक झडतीचा आणि जप्तीचा व्हिडिओ काढावा लागतो. शिपाई मोबाइलवर काढतात, हात हलतो, आवाज येत नाही, आणि कोर्टात समोरचा वकील हसतो. मॅडमना कुणी हसलेलं चालत नसे, म्हणून त्या मला बरोबर न्यायच्या. पंचनाम्यात माझं नाव यायचं ते "खाजगी छायाचित्रकार" असं. या हकिकतीतही मी तेवढाच आहे.

बाई देवळा तालुक्यातल्या. बुटक्या, रुंद बांध्याच्या, आवाज घोगरा. भाऊ कांदा पिकवायचा, त्यामुळे यांच्या डब्यात भाजी काहीही असो, कच्चा कांदा असायचाच. तो त्या बुक्कीने फोडायच्या, मग जीपचं बॉनेट असो की माझ्या दुकानाचं काउंटर. ज्याच्याकडे तपासाला जायचं त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. आडनाव पगार, आणि खात्यातले लोक पाठीमागे म्हणायचे की बाई आडनावावरच जगते. म्हणणारे कशावर जगत होते ते आम्हा द्वारकेच्या दुकानदारांना चांगलं ठाऊक होतं.

राग त्यांच्या नाकावर होता, पण आवाज चढायचा नाही. उलट उतरायचा. नेहमी सरळ शहरी मराठी बोलणाऱ्या बाई खरंच भडकल्या की त्यांची अहिराणी वर यायची. "हाई काय शे?" म्हणजे हे काय आहे, एवढंच हळू आवाजात विचारायच्या. तो प्रश्न कानावर पडला की पोलीस ठाण्यातली माणसं आपापल्या टेबलावरचे कागद उगीच हलवायला लागायची.

आमची ओळख झाली ती दादासाहेबांच्या प्रकरणात. खरं नाव घेत नाही. अपील चालू आहे, आणि माझं दुकान अजून द्वारकेलाच आहे. हे गृहस्थ शिक्षणमहर्षी म्हणवून घ्यायचे. सुरगाण्याच्या डोंगरात त्यांच्या संस्थेची आश्रमशाळा. आदिवासी मुलामुलींच्या जेवणाला, अंथरूण-पांघरुणाला सरकार पैसे देतं, ते पैसे या माणसाने वर्षानुवर्षं गिळले. डाळ कागदावर शिजत होती, ब्लँकेटं कागदावर वाटली जात होती, आणि हे इकडे सभांमधून संस्कारांवर बोलत होते. मीच काढलेत त्या सभांचे फोटो.

गुन्हा दाखल झाला तेव्हा दादासाहेबांच्या नावावर काय सापडलं? एक जुनी स्कूटर. गंगापूर रोडच्या बाजूचा टोलेजंग बंगला निघाला त्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या सोमीबाईच्या नावावर. दिंडोरीकडची द्राक्षबाग ड्रायव्हरच्या नावावर. सगळं रजिस्टर केलेलं, शिक्के मारलेलं. मग कोर्टाने हुकूम काढला. गुन्ह्याच्या पैशातून कुठकुठली मिळकत उभी राहिली ती शोधा, ओळखा, तिचा मूळ मालक कोण त्याचा माग काढा. हे काम फौजदाराच्या खालच्या हुद्द्याला देता येत नाही. वरच्या हुद्द्यातल्या कुणालाच ते नको होतं. ते आलं पगार मॅडमकडे.

त्या माझ्या दुकानात आल्या त्या दिवशी मला वाटलं पासपोर्टचा फोटो असेल. त्यांनी बंगल्याचं नाव सांगितलं आणि विचारलं, "या बंगल्याची वास्तुशांत तुम्ही शूट केली होती ना?"

मी म्हटलं, केली होती.

"पूजेला कोण बसलं होतं?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. म्हणाल्या, "हे बघा फोटोवाले, कागद कुणाच्याही नावावर करता येतो. बायकोच्या, मेहुण्याच्या, कामवालीच्या. पण वास्तूच्या पूजेला माणूस दुसऱ्याला बसवत नाही. भीती वाटते त्याला, पुण्य तिकडे जाईल म्हणून. सरकारला फसवायला घाबरत नाहीत हे लोक, देवाला घाबरतात."

सबंध तपासात त्यांनी हा प्रश्न किती जणांना विचारला असेल! गुरुजींना, आचाऱ्याला, मांडववाल्याला, शेजाऱ्याला. पूजेला कोण बसलं होतं? पोलीस ठाण्यात त्याची चेष्टा झाली. एका साहेबांनी विचारलं, मॅडम, आता गुन्ह्याचा तपास पंचांग बघून करणार का? मॅडम म्हणाल्या, "चोर पंचांग बघून राहायला जातो, तर मी का नको बघू?"

मी जुनं चित्रण टाकून देत नाही. आजोबा वारले की मंडळी येतात, त्यांचं हलतंबोलतं काही आहे का विचारत. त्यामुळे तो व्हिडिओ होता. दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही बघायला बसलो. पाटावर दादासाहेब सोवळं नेसून, शेजारी वहिनीसाहेब शालूत. गुरुजी म्हणाले, यजमानांनी नाव-गोत्र घ्या. दादासाहेबांनी आपलं नाव असं खणखणीत घेतलं की मागे बोलणारी माणसं गप्प झाली. ज्या घराशी आपला काही संबंध नाही असं ते पुढे शपथेवर सांगणार होते, त्याच घरासाठी त्यांनी स्वतःच्या नावाने संकल्प सोडला होता. मी खूश झालो. मॅडम मात्र पुढचं बघतच राहिल्या.

पुढे पंगतीचा भाग आला. मागच्या अंगणात मोठमोठ्या पातेल्यांतून मसालेभात उतरवत होते, आणि कोपऱ्यात नळाशी एक हडकुळी बाई भलंमोठं पातेलं आडवं करून त्यात अर्धी शिरून घासत होती.

"ही सोमीबाई," मॅडम म्हणाल्या. म्हणजे कागदावरची बंगल्याची मालकीण! मग एकदम म्हणाल्या, "थांबवा. मागं घ्या. मोठं करा."

पातेल्याच्या काठावर टोचून नाव घातलेलं होतं, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं. आश्रमशाळेचं नाव. मग दुसरं पातेलं पाहिलं, त्याच्यावर तेच. पराती, डाव, पाण्याचे पिंप, सगळ्यांवर शाळेचं नाव.

"हाई काय शे?" मॅडम हळूच म्हणाल्या. शटरखालून वाकून बाहेर गेल्या. द्वारकेच्या त्या गदारोळात, हॉर्न आणि रिक्षावाल्यांच्या ओरड्यात, बराच वेळ रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "पोरांच्या भांड्यात पंगत उठवली यानं." आणि माझ्याकडचं पाणी प्यायल्या.

दुसऱ्याच आठवड्यात मला घेऊन त्या सुरगाण्याला गेल्या. थंडीचे दिवस होते. वसतिगृहाच्या खोलीत मुली दोघी-दोघी एका पातळ चादरीत गुरफटून बसल्या होत्या. स्वयंपाकघरात तेलाचा डबा वरून कापून त्यात वरण उकळत होतं. मॅडमनी तिथल्या स्वयंपाकिणीला विचारलं, "मोठी भांडी कुठं गेली?" ती म्हणाली, "साहेबांच्या पूजेला नेली व्हती. ती काय मागं आली नाय." तिने हे तक्रार म्हणून नाही, हवापाण्याविषयी बोलावं तसं सांगितलं. मी चित्रण करत होतो, आणि माझं डोकं तेव्हा जे फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही. एवढा पैसा खाल्लास, बाबा, पुन्हा पोरांची पातेलीसुद्धा? आचाऱ्याकडून भाड्याने आणायला काय झालं होतं?

द्राक्षबागेची गोष्ट त्यामानाने हसण्यासारखी होती. ड्रायव्हर ठाम सांगत होता की बाग माझीच, मी रोज येतो, माझा जीव आहे बागेवर. वकिलाने पढवून पाठवलेलं पोपटासारखं बोलत होता. मॅडम ऐकून घेत होत्या. मांडवाखाली एक कुत्रं पसरलं होतं. मॅडमनी विचारलं, "कुत्र्याचं नाव काय?"

ड्रायव्हरने कुत्र्याकडे पाहिलं. "मोती."

"हाक मारा."

त्याने मोती, मोती करून घसा कोरडा केला. कुत्र्याने कान हलवला नाही. राखणदार लांबून बघत होता, त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "रॉकी!" कुत्रं उठून शेपूट हलवत त्याच्याकडे गेलं. मॅडमनी राखणदाराला विचारलं, नाव कुणी ठेवलं? तो म्हणाला, "वहिनीसाहेबांनी. पिल्लू व्हतं तवा त्यांनीच आणलं." हे सगळं माझ्या कॅमेऱ्यात आहे. ड्रायव्हरने त्याच दिवशी खरं ते सांगून टाकलं.

इथपर्यंत सगळं बाईंच्या मनासारखं झालं. चूक झाली ती यानंतर, आणि ती त्यांच्याच हातून झाली.

कोर्टाला हवी होती या माणसांच्या नावावर दिसणारी एकूण एक मिळकत. सोमीबाईच्या नावावर बंगल्याखेरीज आणखी एक गोष्ट होती. सुरगाण्याच्या वर डोंगराला, तिच्या पाड्यावर, दोन खोल्यांचं कौलारू घर. घरकुल योजनेतून काही आणि स्वतः भांडी घासून काही, असं करत तिने ते उभं केलं होतं. मॅडमनी ते घरही अहवालात लिहिलं. लपवाछपवी नको म्हणून. त्यापुढे स्पष्ट लिहिलं की हे घर बाईचं स्वतःच्या कष्टाचं आहे, गुन्ह्याशी त्याचा संबंध दिसत नाही. मॅडमचा समज असा, की खरं लिहिलं की वाचणारा ते वाचतोच.

कुणीही वाचलं नाही. अहवालातून मिळकतींची यादी तेवढी उचलली गेली, शेरा जागच्या जागी राहिला, आणि जप्तीच्या हुकमात बंगल्याच्या खाली सोमीबाईचं घर आलं.

आता पुढचं ऐका. बंगल्यावर जप्ती आली तेव्हा दादासाहेबांचे वकील उभे राहिले आणि म्हणाले, एवढी मोठी वास्तू बंद राहिली तर खराब होईल, देखभालीसाठी कुणीतरी राहायला हवं. आमचे अशील केवळ माणुसकीपोटी तयार आहेत. परवानगी मिळाली. म्हणजे जप्त झालेल्या बंगल्यात दादासाहेब आधी झोपत होते त्याच पलंगावर झोपायला लागले, फक्त आता कायद्याने. आणि डोंगरावरच्या दोन खोल्यांना कुलूप लागलं, लाखेचं सील बसलं. तिथे देखभालीचा प्रश्न काढणारा वकील नव्हता. सोमीबाई बहिणीच्या पडवीत राहायला गेली. वर तिलाच नोटीस आली, की ही मिळकत कायदेशीर कमाईतून घेतल्याचं सिद्ध करा. ज्याने लुटलं त्याला पलंग, आणि जिने भांडी घासली तिला पुरावा द्यायचा! मी भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर शिव्या घातल्या. मॅडमनी घातल्या नाहीत. त्यांनी डब्यातला कांदा फोडला, आणि न खाता तसाच ठेवून गेल्या.

दादासाहेबांचं डोकं मात्र जोरात चालत होतं. त्यांचा माणूस पाड्यावर गेला. सोमीबाईला म्हणाला, बंगला माझाच, माझ्या कमाईचा, असं लिहून दे. बाकी वकील बघतील. बंगला सुटेल, त्याच्याबरोबर तुझं घरही सुटेल. ही बातमी लागताच मॅडम निघाल्या. जबाबाचा व्हिडिओ करायचा म्हणून मीही गेलो.

पडवीत शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात शेळी. सोमीबाईने आम्हाला बसायला गोधडी टाकली. मॅडमनी बूट बाहेर काढले होते. सोमीबाई त्यांच्या मोज्यांकडे बघत बसली, मग म्हणाली, "बाई, माझं घर त्या कागदात तुमीच लिवलं ना?"

मला वाटलं मॅडम सांगतील, शेरा लिहिला होता, पण वरच्यांनी पाहिला नाही. त्या म्हणाल्या, "हो. मीच लिहिलं."

"तो मानूस म्हंतो, आंगठा दिला तर घर सुटंल."

"सुटेल बहुतेक."

"अन् खरं सांगितलं तर?"

"तर मी सोडवीन. कधी, ते मला सांगता यायचं नाही." आणि वर म्हणाल्या, "उशीर होईल, सोमीताई. तो सोडवेल त्याच्यापेक्षा उशीर होईल."

एवढं खरं बोलायची गरज नव्हती, असं मला त्या वेळी वाटलं. समोरची बाई घर गमावून बसली आहे, तिला थोडं गोड बोलून वळवावं की नाही? सोमीबाई उठली, शेळीला पाला टाकला, परत येऊन बसली. म्हणाली, "ती भांडी मीच घासली ना बाई. नाव वाचता येत नाय मला, पर शाळेची हायती ते कळत व्हतं. माझी नात हाय तठं."

कोर्टात ती पाचवारी पातळ नेसून आली. दादासाहेब पहिल्या रांगेत, पांढरेशुभ्र. न्यायाधीशांनी विचारलं, बंगला तुमचा का? सोमीबाई म्हणाली, "नाय साहेब. त्या बंगल्यात मी पुढच्या दारानं कधी गेलीच नाय. माझं घर डोंगराला हाय. त्याला एकच दार हाय." दादासाहेबांच्या वकिलाने उलट विचारलं, पोलिसांनी शिकवलं ना तुम्हाला हे? ती म्हणाली, "पोलिसबाईनं तर सांगितलं, खरं बोलशील तर घर उशिरा सुटंल." वकील खाली बसले.

बंगला आणि बाग गुन्ह्यातली ठरली. त्यावर अपील झालं, स्थगिती आली, दादासाहेब अजून पलंगावरच आहेत. मसालेभाताच्या वासाचा तो बंगला मुलांच्या उपयोगी कधी पडेल, देव जाणे. सोमीबाईचं घर मोकळं करण्याचा हुकूम मात्र झाला. स्वच्छ, शिक्क्यानिशी.

हुकूम झाला, सील निघालं नाही. ज्या कार्यालयातून सील काढायला माणूस यायचा, तिथे कधी गाडी नव्हती, कधी माणूस रजेवर, कधी साहेब बैठकीत. घराला सील ठोकायला दोन गाड्या भरून माणसं गेली होती, हे मी चित्रणावरून शपथेवर सांगतो. काढायला एकही मिळेना. दरम्यान मॅडमची बदली झाली. कुठे? वाहतुकीला, आमच्याच द्वारकेच्या चौकात. ज्या बाईने नाशकातल्या बड्या धेंडाच्या मिळकती खणून काढल्या ती उन्हात रिक्षा हाकत उभी! दुपारी माझ्या दुकानात डबा खायला यायच्या. आधी त्या कार्यालयाला फोन लावायच्या, मग कांदा फोडायच्या. पलीकडून उत्तर ठरलेलं असायचं. मी चिडून काही बोललो की म्हणायच्या, "तुमचा राग तुमच्याजवळ ठेवा, मला माझा पुरतो."

मे संपत आला तेव्हा सोमीबाईने कुणाच्या तरी फोनवरून मॅडमना निरोप दिला. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बियाणं घरात अडकलं होतं. कणगी आत, सील बाहेर. रोपाच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजून झाला होता, पाऊस आला की पेरायचं, आणि पेरायला बी नाही. उसनं मागावं तर सगळ्या पाड्याकडे आपापल्यापुरतंच. "बाई, घर राहू द्या," ती म्हणाली म्हणे, "बी तेवढं काढून द्या."

मॅडमनी सुट्टीच्या दिवशी मला हाक मारली. वर्दी नव्हती, साधा सुती पंजाबी ड्रेस, पायात चपला. हुकमाची शिक्क्याची नक्कल पिशवीत. आम्ही जीपमध्ये कोंबून बसून सुरगाण्याला गेलो, तिथून पाड्यावर चालत. मॅडमनी पोलीस पाटलाला बोलावलं, दोन पंच उभे केले, हुकूम मोठ्याने वाचून दाखवला, चपला काढून हातात घेतल्या, आणि सील तोडलं. कुलूप पोलीस पाटलाने त्याच्याकडे ठेवलेल्या किल्लीने उघडलं.

दार करकरलं. आतून कोंदट वास आला. उंदरांनी कणगीचा एक कोपरा फोडला होता, पण बी शाबूत होतं. सोमीबाई दाराशी उभी राहिली आणि मॅडमना म्हणाली, "आधी तुमी जा. तुमच्यामुळं उघडलं."

"घर कुणाचं?" मॅडमनी विचारलं.

"माझं."

"मग आत कोण जाणार?"

सोमीबाईने बहिणीकडून ओंजळभर नागली घातलेली टोपली आणवली होती. नव्या घरात धान्य आधी नेतात त्यांच्यात. ती टोपली डोक्यावर घेऊन ती वाकून आत शिरली. मी कॅमेरा मॅडमकडे वळवला. खरं सांगतो, त्या वेळी मला तेच चित्र महत्त्वाचं वाटलं. मॅडम भडकल्या. "माझ्याकडं काय बघताय? तिकडं धरा. बंगल्याचा व्हिडिओ असतो, तिच्या घराचा कुणी काढलाय आजवर?"

सोमीबाईने आतून चार वेळा बोलावलं. मॅडम आत गेल्या नाहीत. चपला हातात घेऊन अंगणातल्या तापलेल्या मातीत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, निघायचं का, शेवटची जीप जाईल. त्या म्हणाल्या, "चूल पेटू द्या. कौलातनं धूर निघाला की जाऊ." धूर निघाला, मग आम्ही उतरलो.

कुणीतरी अर्ज केला. कुणी ते सांगायला नको. सुट्टीवर असताना, अधिकार नसताना, शासकीय सील तोडलं म्हणून पगार मॅडमची खातेनिहाय चौकशी लागली. माझ्याकडे तो व्हिडिओ मागण्यात आला. मी मॅडमना विचारलं, तुमचा भाग काढून देऊ का? म्हणाल्या, "काही कापायचं नाही. सबंध द्या."

मुलांचं अन्न खाणाऱ्याच्या चौकशीला तारखांवर तारखा, आणि हिची चौकशी महिन्याच्या आत! चौकशीच्या खोलीत व्हिडिओ दाखवायला मलाच बोलावलं होतं. पलीकडे साहेब, अलीकडे मॅडम, वर्दीत, ताठ. भिंतीवर डोंगर दिसला, दोन खोल्या दिसल्या. टोपली घेतलेली सोमीबाई दारात, आणि चित्राच्या अगदी कडेला चपला धरलेले मॅडमचे हात. साहेबांनी चित्र थांबवायला सांगितलं.

"ही व्यक्ती कोण? ओळखता?"

"घराची मालकीण," मॅडम म्हणाल्या.

"मी या कडेच्या व्यक्तीबद्दल विचारतोय."

"ती मी. मी बाहेरच उभी आहे, साहेब. आत गेलेली नाही."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं आणि मला म्हणाले, ठीक आहे, बंद करा. मी हात पुढे केला. मॅडमचा आवाज आला, एकदम खाली उतरलेला.

"थांबा साहेब. अजून धूर निघायचाय."

साहेबांनी वर पाहिलं. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, पण त्यांनी मला थांबवलं नाही. मी व्हिडिओ पुन्हा चालू केला.